डॉक्युमेंटेशनमधल्या स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करायच्यात, सुरुवात कशी करू?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार. बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एका ओपन सोर्स पायथन लायब्ररीची माहिती वाचायलोय, त्यात स्पेलिंगच्या ढीगभर चुका दिसल्या. कोड लिहून पाठवण्याइतकं अजून येत नाही, पण एवढं जमेल असं वाटतं. नुसत्या स्पेलिंगसाठी पुल रिक्वेस्ट (म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती) टाकली तर लोक हसतात का? आणि चुका शोधून देणारं एखादं टूल सुचवा. घरचं नेट यथातथाच आहे, मोठं काही उतरवायला लावू नका.

होटगीरोड_अण्णा
कशाला भ्यायलास बे? कोण हसत नसतंय. उतरवायचं तर काहीच नाही. प्रोजेक्टचा कोड जिथं ठेवलेला असतो त्या गिटहब साइटवर फाइल उघड, पेन्सिलचं चिन्ह दाब, ब्राउझरमध्येच चूक दुरुस्त कर. फोर्क, म्हणजे प्रोजेक्टची तुझ्या नावावरची प्रत, तो स्वतःच करून घेतो आणि शेवटी पुल रिक्वेस्टचं बटण देतो. त्याआधी कॉन्ट्रिब्युटिंग नावाची, बदल कसे पाठवायचे ते सांगणारी फाइल असेल तर वाच.
टूल म्हणशील तर कोडस्पेल. नेहमी होणाऱ्या चुकांचीच यादी त्याच्याकडे असते, म्हणून प्रत्येक अनोळखी नावावर बोंब मारत नाही.

सात_रस्ता_निशाचर
हसत नाहीत, पण वैतागतात. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावायचा उपक्रम) फुकटच्या टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलीत, 'अमेझिंग प्रोजेक्ट' असलं काहीबाही घुसडून रिक्वेस्टांचा पाऊस पाडला होता. शेवटी ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला, की ज्या प्रोजेक्टने स्वतःहून होकार दिलाय तिथल्याच रिक्वेस्ट धरायच्या. त्यामुळे अण्णांचं टूल घेऊन गावभर फिरू नकोस. जी लायब्ररी वापरतोस तिचंच बघ. एका पानावरच्या चुका एकाच रिक्वेस्टमध्ये पाठव, अक्षरागणिक वेगळी नको.

शेंगाचटणी
मी फावल्या वेळात मराठी अनुवाद करते, म्हणून थोडं वेगळं सांगते. चूक नक्की कुठे बसलीय ते आधी बघ.
पायथनच्या लायब्ररीत फंक्शनांची माहिती देणारी पानं बऱ्याचदा कोडमधल्या डॉकस्ट्रिंगवरून (फंक्शनच्या आतच लिहिलेली त्याची माहिती) स्फिंक्स नावाचं टूल तयार करतं. तसं असेल तर दुरुस्ती थेट कोडच्या फाइलीत करायची, तयार पानात करून उपयोग नाही.
काही चुका तशाच ठेवायच्या असतात. वाचणारा कुठल्या पानावरून आला ते ब्राउझर सर्व्हरला ज्यातून कळवतो, त्या एचटीटीपीच्या रेफरर हेडरच्या स्पेलिंगमध्ये 1990 च्या दशकापासून एक आर कमी आहे. तू माहितीत तो घातलास तर वाचणाऱ्याचा कोड चालणार नाही. कलरमध्ये यू दिसला तर तो ब्रिटिश लेखक असू शकतो, प्रोजेक्टचा रिवाज काय ते बघ.
आणि प्रोग्रॅमच्या पडद्यावर दिसणारा मजकूर सहज म्हणून बदलू नकोस. अनुवादासाठी बरेच प्रोजेक्ट वापरतात त्या गेटटेक्स्टमध्ये मूळ इंग्रजी ओळ हीच अनुवादाची किल्ली असते. तिच्यातलं एक अक्षर हललं की सगळ्या भाषांतले अनुवाद 'फझी', म्हणजे संशयास्पद, ठरतात आणि कोणीतरी पुन्हा तपासेपर्यंत वापरणाऱ्याला सहसा इंग्रजीच दिसतं. इंग्रजीतला एक स्वल्पविराम हलवायचा आणि निस्तरायचं आम्ही! म्हणूनच रिलीज जवळ आली की बरेच प्रोजेक्ट स्ट्रिंग फ्रीझ लावतात, म्हणजे असा मजकूर बदलायला बंदी. चूक सुधारू नये असं नाही, आधी इश्यू (प्रोजेक्टच्या पानावरची तक्रार-चर्चेची नोंद) टाकून विचारावं.
मराठीच्या ऱ्हस्वदीर्घावर पकड असेल तर तिकडेही ये. फायरफॉक्ससाठी पाँटून आणि लिब्रेऑफिससाठी वेबलेट या अनुवादाच्या साइट आहेत, दोन्हीकडे ब्राउझरमधूनच सुचवण्या देता येतात. 'की' आणि 'कि'चा गोंधळ निस्तरायला माणसं कमीच पडतात.

जुळे_सोलापूरकर
ताई, बघितलं. बहुतेक चुका डॉकस्ट्रिंगमध्येच आहेत. कोडच्या फाइलीला हात लावायचा म्हणजे जरा धडधडतंय. आणि उत्तर आलं नाही तर किती दिवस थांबू?

होटगीरोड_अण्णा
तीन अवतरणचिन्हांच्या आतलंच बदल, बाहेर जाऊ नकोस, काही मोडत नाही. ती माणसं नोकरी सांभाळून हे करतात. दोनेक आठवडे थांब, मग एकदाच नम्रपणे आठवण कर.

सात_रस्ता_निशाचर
शीर्षकात गिटहब स्वतःहून 'अपडेट' आणि फाइलीचं नाव भरून देतो. ते पुसून कुठल्या फंक्शनच्या माहितीतली स्पेलिंग सुधारली ते लिही.