लेकरांना वाहती नदी दाखवायची आहे : कन्हानला नेमकं कुठं जावं?

सदरवासी : सात आणि दहा वर्षांची लेकरं आहेत. नागपुरातली नाग नदी त्यांना पुलावरून दिसते, पण ती सांडपाण्यानं भरलेली. रेती, वाहतं पाणी, पक्षी असं काही दाखवायचं आहे. रविवारी सकाळी निघून दुपारी जेवायला घरी. कन्हान नदीवर जायचं तर कामठीचा पूल बरा की बिना गावाजवळचा संगम? आणि पाण्यात उतरू द्यावं का?

रानवाट : ताई, बिनाला जा. कोराडी-खापरखेडा मार्गे जवळ पडतं. तिथं कन्हान, पेंच आणि कोलार अशा तीन नद्या भेटतात, त्यामुळे पात्र रुंद आहे आणि काठाला बसायला जागा मिळते. नाग नदी कन्हानला मिळते ती बरीच खाली, कुही तालुक्याच्या बाजूला. म्हणजे शहराचं सांडपाणी घेऊन येणारं ते पाणी इथं नसतं. तरी पिण्याचं पाणी घरूनच न्या, नदीच्या पाण्यानं चूळही भरू देऊ नका. कामठीला पुलावरची रहदारी फार, लेकरांना सांभाळणं कठीण.

घाटवाला : उतरण्याबद्दल नीट वाचा. कन्हानमध्ये भीती फक्त धारेची नाही, रेतीच्या खड्ड्यांची आहे. उपसा झाला की पात्रात खोल डोह राहतात. वर पाणी संथ दिसतं, म्हणून लोक फसतात. कडेची रेती पायाखालून घसरते आणि गुडघाभर पाण्यातला माणूस पुढच्या पावलाला गळ्यापर्यंत जातो. वर चढू पाहिलं तर तीच रेती पुन्हा घसरते, म्हणून पोहता येणाराही दमतो. ट्रक-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्यापर्यंत गेलेल्या दिसल्या तर ती जागा सोडा. गावकऱ्यांना विचारा, बायका कपडे धुतात तो घाट कोणता. तिथला तळ त्यांच्या रोजच्या पायाखालचा असतो. मोठ्या माणसानं आधी हातात बांबू घेऊन पुढचा तळ टोचत जावं, आणि लेकरांना घोट्यापर्यंतच, हात धरून.

सोबत पाच लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घ्या, झाकण घट्ट, मुठीला १५ मीटर नायलॉन दोरी. आत पेलाभर पाणी ठेवलं तर फेकताना लांब जातो, आणि बुडणाऱ्याला डोकं वर ठेवण्यापुरता आधार देतो. फेकणाऱ्यानं काठावर पालथं पडून ओढावं, उभं राहिलं की तोही आत ओढला जातो. मागे कुणीही उडी घेऊ नये. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास थांबला असेल तर त्याला उलटं लटकवून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. आधी तोंडातून पाच श्वास द्या, मग छाती दाबणं सुरू, ३० दाब आणि दोन श्वास या क्रमानं. दुसऱ्यानं तोवर १०८ किंवा ११२ लावावा.

सदरवासी : पावसाळ्यात चालेल का? तेव्हा नदी भरलेली छान दिसते.

रानवाट : नको. कन्हान आणि पेंच या दोन्ही नद्या छिंदवाड्याच्या डोंगरातून येतात. तिकडं पाऊस पडला तर नागपुरात ऊन असतानाही पाणी चढतं. पेंचवर नवेगाव खैरीचं धरण आहे, ते भरलं की दरवाजे उघडतात. इतर वेळीही पोहोचताच पाण्याच्या रेघेवर एक काडी रोवा. काडी बुडू लागली, पाणी गढूळ झालं किंवा काड्या-पाला वाहून येऊ लागला, तर सामान न आवरता आधी वर या.

पाणपक्षी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. सकाळी नऊच्या आत पोहोचा. हवेत एका जागी फडफडत राहून खाली सूर मारणारा काळा-पांढरा कवड्या खंड्या लेकरांना ओळखायला सोपा. काठावर शेपटी वरखाली करणारे धोबी पक्षी दिसतील. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरू लागली तर मागे सरका, विशेषतः उन्हाळ्यात. ती जमिनीवर, खड्यांतच अंडी घालते आणि ती पायाखाली सहज येतात. एप्रिल-मेमध्ये रेती इतकी तापते की तसंही लेकरांना नेण्यात अर्थ नाही.

घाटवाला : चपला नको, मागून पट्टा असलेल्या सँडल घाला. काठावर फुटक्या बाटल्या असतात.