अ‍ॅल्युमिनियम-एसएस फ्रिक्शन वेल्ड बरोबर तोंडावरच तुटतोय

लेथवरचा_बाळू: मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, कॉलेजच्या जुन्या लेथवर १६ एमएमचा एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) आणि ६०६१-टी६ (उष्णता देऊन कडक केलेलं अ‍ॅल्युमिनियम) चा रॉड फ्रिक्शनने, म्हणजे घासून तापवून आणि दाबून, जोडतोय, ३०४ चकमध्ये फिरतो, अ‍ॅल्युमिनियम टेलस्टॉकला धरून हाताने दाबतो. फ्लॅश (दाबाने बाहेर येणारी धातूची कड) झकास येतो, बघून वाटतं झालं काम. पण यूटीएमवर (ओढून ताकद मोजायचं मशीन) एक पीस १९० एमपीएला (ताणाचं एकक) गेला, दुसरा ७० लाच, आणि एक तर चकमधून काढतानाच हातात दोन तुकडे! सर म्हणाले टाईम वाढव, ८ चे १२ सेकंद केले तर अजूनच बोंब.

चिप्स_आणि_कूलंट: १२ सेकंद नको रे बाबा. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम तापले की मधे दोघांच्या संयुगाचा थर धरतो, काचेसारखा ठिसूळ. अगदी पातळ असेल तर चालतं, जाड झाला की संपलं. टाईम कमी कर, दाब वाढव. आणि तुटलेलं तोंड कसं दिसतंय ते सांग आधी.

लेथवरचा_बाळू: कडेला एसएसवर अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं आहे, पण मधे साधारण पाच-सहा एमएमचा गोल एकदम चकचकीत, फेसिंगच्या (तोंड सपाट कापायच्या) टूलच्या रेघासुद्धा तशाच दिसतात.

जुना_फिटर: मग मधे जॉइंट झालेलाच नाही की. सेंटरला फिरण्याचा स्पीड शून्य, तिथे उष्णता कडेकडूनच येणार आणि फोर्जिंगचा, म्हणजे शेवटी दिलेला जोराचा, दाबच ते बसवणार. हिशोब कर, १६ एमएमचा एरिया २०१ स्क्वेअर एमएम, १०० एमपीए धरला तरी २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टन झाले. टेलस्टॉकचं चाक हाताने फिरवून दर पीसला तेवढा आणि सारखा दाब येईल का? त्यात मोटर बंद केल्यावर चक किती वेळ फिरत राहतो? ब्रेक नसेल तर अ‍ॅल्युमिनियम घट्ट होत असतानाच तू जॉइंट पिळतोयस.

लेथवरचा_बाळू: दोन-तीन सेकंद तरी फिरतो दादा 😅

जुना_फिटर: घे, सापडलं. ब्रेक लाव, मागे हायड्रॉलिक जॅक आणि प्रेशर गेज बसव, तोंड फेसिंग करून अ‍ॅसिटोनने पुस आणि मग बोट लावू नकोस.

चिप्स_आणि_कूलंट: आणि मूळ टी६ च्या ३१० एमपीएची आशा सोड, वेल्डच्या उष्णतेने जवळचं टी६ मऊ पडतंच. जॉइंट सोडून बाजूच्या अ‍ॅल्युमिनियममध्ये मान बारीक होऊन तुटला तर पास समज. एखादा पीस वाकवूनही बघ, ओढून टिकलेला वाकवताना कडकन जातो कधीकधी.

लेथवरचा_बाळू: जॅक मिळेल, ब्रेकचं सरांना विचारतो, सोमवारी फोटो टाकतो.