पर्थच्या वाळूत लॉन: पाणी देऊनही चट्टे वाळतायत

अंगण_पर्थ

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रेलियात पर्थला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. उत्तरेकडच्या उपनगरात नवं घर घेतलं, मागे साधारण 60 चौरस मीटर अंगण आहे. ऑक्टोबरात बफेलो गवताचे रोल आणून अंथरले. डिसेंबरपर्यंत डोळे निवतील असं हिरवंगार होतं. जानेवारी, म्हणजे इथला भर उन्हाळा, लागला आणि मधे मधे परातीएवढे चट्टे वाळायला लागले.

आठवड्याचे इथल्या नियमाने ठरलेले दोन दिवस स्प्रिंकलर लावते, वेळही वाढवून पाहिली. काल पाणी दिल्यावर वाळलेल्या जागी बोट घातलं. वर ओलं, आणि पेरभर खाली वाळू कोरडी ठणठणीत, चाळलेल्या रव्यासारखी. मग एवढं पाणी जातं कुठे?

मार्चमध्ये सासू-सासरे येतायत. सासऱ्यांना पहाटे अनवाणी गवतावर चालायची सवय आहे, त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप. खत देऊ का? की सगळं उपटून नव्याने लावू?

काळं_रान

ताई, उपटू नका, आणि या उन्हात खतही देऊ नका. आधी एवढं करा: वाळलेल्या चट्ट्यातली कोरडी वाळू बशीत घ्या आणि तिच्यावर चमच्याने थेंबभर पाणी टाका. अळवाच्या पानावर राहतो तसा थेंब गोल राहिला, तर तुमची वाळू पाणी नाकारतेय. पर्थमध्ये हे घरोघरी दिसतं. पालापाचोळा आणि मुळं कुजताना त्यातला मेणासारखा अंश वाळूच्या कणांवर चढतो. वाळू एकदा कडकडीत सुकली की पाणी आत शिरत नाही, वरून घरंगळतं, नाहीतर एखाद्या फटीतून सरळ खाली निघून जातं. शेजारची मुळं तहानलेलीच राहतात. स्प्रिंकलरचा वेळ वाढवून उपयोग होत नाही तो यामुळेच.

मी मंगळवेढ्याचा. आमच्या काळ्या रानात पावसाची ओल इतकी धरून राहते की तिच्यावर रब्बीची ज्वारी निघते. त्या मातीत वाढल्यामुळे 12 वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा मला वाटायचं, पाणी दिलं की वाफसा येणारच. पहिला उन्हाळा मी नुसतं पाणी ओतत काढला आणि अर्धं लॉन गमावलं. इथे मे ते ऑगस्टमध्ये पाऊस, उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच. मधल्या काळात जमिनीने पाणी धरलं नाही तर गवत जगणार कशावर?

आता उपाय. नर्सरीत वेटिंग एजंट, म्हणजे वाळूत पाणी शिरू देणारं औषध, मिळतं, पातळ किंवा दाणेदार. तुम्ही पातळ घ्या. आधी बागकामाचा काटा (गार्डन फोर्क) घेऊन चट्ट्यात वीतभर अंतरावर खोल टोचा आणि थोडा हलवा. मग डब्यावर लिहिलेल्या मापाने औषध पाण्यात मिसळून झारीने घाला, आणि लगेच भरपूर पाणी द्या, म्हणजे ते पानांवर न राहता खाली उतरेल. हातात पाइप धरून पाणी द्यायला वाराचं बंधन नाही, तेव्हा चट्ट्यांना तसं द्या. दोन दिवसांनी पुन्हा बोट घालून बघा. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात एकदा आणि भर उन्हाळ्यात एकदा हे करावंच लागतं.

दुसरं, तुमचं रेटिक, म्हणजे स्प्रिंकलरची पाइपलाइन, तपासा. सरळ कडांचे रिकामे डबे लॉनवर ठेवा (आमटीच्या वाट्या नकोत, त्या वर पसरट असतात) आणि नेहमीएवढा वेळ पाणी सोडा. मग डब्यांत पट्टी बुडवून मोजा. पाण्याच्या दिवशी 10 मिलिमीटर पुरतं. माझ्याकडे मधल्या डब्यात 14 भरले आणि कुंपणाच्या कोपऱ्यात 4. कोपरा का वाळतो ते तेव्हा कळलं. एक नोझल बदललं आणि काम झालं. पाणी सकाळी 9 च्या आतच द्या. दुपारचं समुद्रावरचं वारं सुटलं की फवारा शेजाऱ्याच्या भिंतीवर जातो, आणि सकाळी 9 ते संध्याकाळी 6 स्प्रिंकलरला मनाई आहेच.

खरं काम रोल अंथरण्याआधीच व्हायला हवं होतं: वरच्या वीतभर वाळूत कंपोस्ट आणि बेंटोनाइट चिकणमाती कालवणं. कंपोस्ट दोन-तीन वर्षांत जिरून जातं, चिकणमाती मात्र राहते आणि ओल धरते. बांधकाम करणारे हे सहसा करत नाहीत, वाळू सपाट करून रोल टाकतात. आता इथल्या वसंतात (सप्टेंबर-ऑक्टोबर) काट्याने भोकं पाडून त्यांत थोडं थोडं भरत जा. खतही तेव्हाच, कमी फॉस्फरसचं, थोडं थोडं. या वाळूत ते टिकत नाही, धुपून स्वान नदीत जातं आणि तिथे शेवाळ माजतं.

खुरपं_हाती

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण आणखी एक बघून घ्या. चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. गालिच्यासारखं अलगद उचललं गेलं तर खाली हुमणी आहे, मुळं खाल्लेली असतात. इथे काळ्या भुंग्याची असते. तसं असेल तर औषध वेगळं.

मी स्वतः अंगणाचं निम्मं लॉन काढून तिथे इथलीच झाडं लावली आणि खाली लाकडाच्या तुकड्यांचं आच्छादन घातलं. चालण्यापुरता पट्टा राहिला, त्याची निगा नीट राखता येते.

दूर्वा_हव्यात

विषयाला धरूनच विचारते: इथे ‘काउच’ म्हणून विकतात ती आपली हरळीच ना? गणपतीला तिच्या दूर्वा चालतील?

काळं_रान

हो, हरळीच. आजोबा उसातून खणून खणून थकायचे, तीच. ऊन भरपूर असेल तर या वाळूत तिच्याइतकं चिवट गवत नाही. सावलीत मात्र बफेलो बरं. इथल्या थंडीत (जून ते ऑगस्ट) हरळी पिवळी पडते आणि गणपतीच्या सुमारास नुकती फुटत असते. म्हणून मी एक कुंडी भिंतीच्या उबेला ठेवतो, तिच्यावर कसलीही फवारणी करत नाही. 21 जुड्या तिच्यातून निघतात.

अंगण_पर्थ

थेंब टाकून पाहिला. मिनिटभर तसाच गोल! गवत ओढूनही पाहिलं, घट्ट आहे, म्हणजे हुमणी नाही. शनिवारी काटा आणि वेटिंग एजंट आणते. टोमॅटोचे 6 रिकामे डबे धुऊन ठेवलेत. दादा, चट्ट्यांच्या बाहेर जिथे अजून हिरवं आहे, तिथेही घालायचं का?

काळं_रान

सगळीकडे घाला. तिथली ओलही संपतच आली असणार.