मदत हवी आहे: सगळी कागदपत्रं असून दुकानदार शॉटगन देत नाही

खटपट्या
इथे अमेरिकेत शॉटगन घ्यायला गेलो होतो. ४४७३ फॉर्म (बंदूक घेताना भरायचा फेडरल फॉर्म) भरला, ड्रायव्हिंग लायसन दिलं, आय-९४ (देशात प्रवेशाची नोंद) दिला, दुसरं लायसनही दाखवलं. काउंटरवरच्याने फॉर्म चाळला आणि नाही जमणार म्हणाला. तपासणीसाठी एफबीआयला फोनसुद्धा लावला नाही. कारण विचारलं तर म्हणे फॉर्म नीट वाचा. असं करता येतं का त्यांना? तक्रार एटीएफकडे (बंदुकांवर देखरेख करणारं फेडरल खातं) करायची की राज्याकडे? जरा लवकर सांगा, रविवारी सेल संपतोय.

सडेतोड
राज्य कोणतं? व्हिसा कोणता? "दुसरं लायसन" म्हणजे कसलं? आणि फॉर्मच्या प्रश्न २१ मध्ये शेवटी व्हिसाबद्दल जे दोन उपप्रश्न आहेत, त्यांची काय उत्तरं दिलीस? त्याशिवाय तक्रारीचं बोलण्यात अर्थ नाही.

पाटीपेन्सिल
न्यू जर्सी असेल तर आधी गावच्या पोलिसांकडे फायरआर्म्स आयडी कार्डाचा अर्ज करा. शॉटगन-रायफलला ते कार्ड पुरतं. पिस्तुलाला मात्र दर नगामागे वेगळं परमिट, त्याची मुदत ९० दिवस. कार्ड नसेल तर दुकानदार बंदूक दाखवण्यापलीकडे काही करणार नाही.

खटपट्या
न्यू जर्सी नाही, टेक्सास. न्यू जर्सी मार्चच्या सुरुवातीला सोडलं. व्हिसा एच-१बी, नोकरीचा. दुसरं लायसन टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफचं (राज्याचं वन्यजीव खातं) आहे. दोन्ही उपप्रश्नांना हो.

सडेतोड
आता गाडी रुळावर आली. १९९८ पासून फेडरल कायद्यात, म्हणजे कलम ९२२(जी)(५) मध्ये, नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर आलेल्याला बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ सगळे त्यात आले. सूट ९२२(वाय) मध्ये आहे, आणि तुमच्याआमच्या कामाची सूट एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन. दुसऱ्या उपप्रश्नाला "हो" लिहिलं की दुकानदाराने त्या लायसनची नोंद करून प्रत फॉर्मला जोडायची असते. तुझ्या लायसनवर काय छापलंय ते जसंच्या तसं टाक.

खटपट्या
फ्रेशवॉटर पॅकेज.

रानवाटसरू
ते मासेमारीचं. खातं एकच, काउंटर एकच, पण गळ टाकायच्या परवान्यावर बंदुकीची सूट मिळत नाही. दुकानदाराने फोन केला नाही ते बरोबरच केलं. सुटीचा कागद नाही म्हणजे त्याच्या दृष्टीने तू बंदीतला माणूस, आणि बंदीतल्या माणसाला बंदूक देणं हा त्याचाच गुन्हा. एटीएफची तपासणी आली की हेच फॉर्म एकेक करून उलटतात. तक्रारीचा विचार सोड. उलट दुसऱ्या उपप्रश्नाला चुकीचं "हो" लिहून सही केलेला कागद आता त्यांच्याकडे आहे, हे लक्षात ठेव.

बिनधास्त
एवढं कशाला? ग्रीन कार्डवाला एखादा मित्र असेल ना? त्याच्या नावावर घ्या. टेक्सासमध्ये बंदुकीची नोंदणीच नाही, कोण बघतंय.

सडेतोड
हा सल्ला कुणीही घेऊ नका. प्रश्न २१ चा पहिलाच उपप्रश्न: खरा घेणारा तूच का? मित्राने तुझ्यासाठी घेऊन तिथे "हो" लिहिलं की ते खोटं विधान. २०१४ च्या अब्राम्स्की खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की ज्याच्यासाठी घेतली तो पात्र असला तरी हे खोटंच. इथे तर तो पात्रही नाही. जून २०२२ पासून दुसऱ्यासाठी अशी खरेदी करणं हा वेगळा फेडरल गुन्हा आहे, १५ वर्षांपर्यंत शिक्षा. बंदी असताना बाळगण्यालाही तेवढीच. वर बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की इमिग्रेशन कायद्यात हकालपट्टीचं स्वतंत्र कलम आहे.

बिनधास्त
गिफ्ट चालतं की. फॉर्मच्या सूचनांतच लिहिलंय.

सडेतोड
स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट दिलेली चालते. ज्याला बाळगायला बंदी आहे हे माहीत आहे त्याला नाही. सूचनांमधलं ते वाक्य पूर्ण वाचा.

खटपट्या
ठीक. मग शिकारीचं लायसन आजच काढतो. ऑनलाइन मिळतं ना? शिकार करायची नाहीये, क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम) करायचंय.

रानवाटसरू
शिकार केलीच पाहिजे असं फेडरल कायदा म्हणत नाही, लायसन जवळ हवं. पण आज काढू नकोस, हिशेब बघ. टेक्सासचं हंटिंग लायसन कधीही घेतलं तरी ३१ ऑगस्टला संपतं. रहिवासी दराला सलग सहा महिने टेक्सासमध्ये राहिलेलं असावं लागतं, तुझे सप्टेंबरमध्ये भरतील. आज घेतलंस तर परराज्यातल्याचा दर, म्हणजे ३१५ डॉलर, आणि कागद दीड-दोन महिन्यांत रद्दी. सप्टेंबरमध्ये रहिवाशाचं २५ डॉलरमध्ये मिळेल आणि पुढच्या ऑगस्टअखेर चालेल. सेल काय, सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेला पुन्हा लागतो.

पाच दिवसांचं स्वस्त लायसन दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नकोस. सूट तेवढेच पाच दिवस, बंदूक मात्र सहाव्या दिवशीही घरातच.

पाटीपेन्सिल
हंटर एज्युकेशन (शिकारीचा सुरक्षा कोर्स) आधी करावं लागेल.

रानवाटसरू
टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला लागतं, ते शिकारीला जाताना. सतरा वर्षांवरच्याला पूर्ण ऑनलाइन होतं. करून ठेव, बंदूक हाताळायचे प्राथमिक नियम तरी कळतात. इतर राज्यांत लायसन काढतानाच प्रमाणपत्र मागतात, गल्लत नको.

मेघना_ऑस्टिन
पुढच्या फेरीत अडकायची आणखी दोन ठिकाणं. एक, पत्ता. ड्रायव्हिंग लायसनवर सध्याचा राहता पत्ता हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. जुना असेल तर सध्याचा पत्ता असलेला दुसरा सरकारी कागद जोडता येतो, गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे. न्यू जर्सीचंच लायसन घेऊन गेला असाल तर आधी ते बदला, नव्या रहिवाशाला ९० दिवसांचीच सवलत आहे. व्हिसावाल्यांच्या लायसनची मुदत मुक्कामाच्या कागदांबरोबर संपते. मुदत गेलेलं ओळखपत्र म्हणून चालणार नाही, मग एक्स्टेन्शनची पावती किती का दाखवा.

दोन, आय-९४. व्हिसा वाढवला असेल तर नवा आय-९४ बहुतेक वेळा आय-७९७ च्या (मंजुरीच्या पत्राच्या) तळाशी येतो. लोक मात्र विमानतळावरचा जुना नंबर लिहितात. ताजा अकरा अक्षरांचा नंबर बघून लिहा, ओ आणि शून्य नीट. नागरिक नसलेल्यांची इमिग्रेशनच्या नोंदीतही तपासणी होते, म्हणून एफबीआयकडून "डिलेड" उत्तर येणं नेहमीचंच. ती नामंजुरी नाही. तीन कामकाजाचे दिवस धरायचे, फोनचा दिवस त्यात मोजायचा नाही. त्यानंतरही उत्तर आलं नाही तर दुकानदार देऊ शकतो, पण द्यायलाच हवी असं नाही. बऱ्याच मोठ्या दुकानांचा नियम "प्रोसीड" (मंजुरी) आल्याशिवाय नाही असाच असतो. "डिनाइड" आलं तर दुकानात वाद घालू नका, एनटीएन (तपासणीचा व्यवहार क्रमांक) घेऊन एफबीआयकडे अपील करा.

भटकभवानी
एवीतेवी वाट बघताय तर सायलेन्सरचंही बघून ठेवा. १९३४ च्या कायद्यातला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून त्यावर शून्य झालाय. नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो हे मात्र तसंच.

सडेतोड
शॉटगनवर सायलेन्सर? क्लेला? आधी बंदूक तर येऊ द्या.

गावाकडचा
परत येताना भारतात आणायची असेल तर शस्त्र परवाना आधी हवा. पुणे-मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्तालय, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रं, मुदत पाच वर्षं.

सडेतोड
भारताचं कुणी विचारलंय इथे?

खटपट्या
सप्टेंबरपर्यंत थांबतो. तोवर रेंजवर भाड्याची बंदूक घेऊन सराव करतो मग. आणि माझा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) पेंडिंग आहे, त्याने काही फरक?

मेघना_ऑस्टिन
आय-४८५ पेंडिंग असेल किंवा ईएडी (कामाचा परवाना) हातात असेल तरी फरक नाही. ग्रीन कार्ड मंजूर झालं की व्हिसाची ही अट सुटते, मग शिकारीच्या लायसनचीही गरज नाही. आणि भाड्याची बंदूक हातात घेणं म्हणजेही बाळगणं. ऑफिसच्या टीम आउटिंगला सगळे रेंजवर जातात तेव्हा एच-१बीवाले नेमके इथे फसतात. कंपनीने पैसे भरले, शेजारी इन्स्ट्रक्टर उभा होता, असल्या सबबी कायद्यात नाहीत.

रानवाटसरू
दरवर्षीचं एक काम लिहून ठेव. नव्या वर्षाची लायसन्स ऑगस्टच्या मध्यापासून विकायला येतात. पुढच्या वर्षीपासून तेव्हाच घे. १ सप्टेंबरला नवं नसेल तर कपाटात कुलूपबंद पडलेली बंदूकही बेकायदा, गोळ्यांची डबीसुद्धा.

खटपट्या
बायको एच-४ वर आहे. तिला हात लावायचा नाही, पण तिजोरीचा नंबर तिलाही माहीत असणार. चालेल?

सडेतोड
नको. हवी तेव्हा काढता येते म्हणजे ताबा, असा अर्थ कोर्ट लावू शकतं. एक तर नंबर फक्त तुझ्याकडे ठेव, नाहीतर तिचंही वेगळं शिकारीचं लायसन काढ. तुझं तिला चालत नाही.