मागचं चाक हलतंय, वॉरंटीत बसेल का?

प्रणव (बी-५०३): ग्रुपवर बाईकमधलं कुणी जाणकार आहे का? गाडीला १४ महिने झालेत, रनिंग ११ हजार. ४०च्या पुढे गेलं की मागच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येतो. सर्व्हिस सेंटरवाला चाक न उघडताच म्हणतो, "बेअरिंग गेलंय, वेअर अँड टेअर आहे, वॉरंटीत बसत नाही." लेबर धरून १,८५० सांगितलेत.

जाधव सर (बी-२०१): सगळे एका माळेचे मणी. विकताना पाच वर्षांची वॉरंटी, आणि काही गेलं की वेअर अँड टेअर. सरळ ग्राहक मंचात खेचा.

शिंदे मावशी (ए-३०४): प्रणव, आईला सांग, भाजीवाला खाली आलाय. मेथी चांगली आहे.

प्रणव (बी-५०३): हो मावशी 🙏

देशमुख काका (ए-१०२): आधी बेअरिंगच आहे का ते बघ. गाडी डबल स्टँडवर घे. मागचा टायर ९ आणि ३ वाजतात तिथे दोन्ही हातांनी धरून आडवा हलव. नुसतं चाक खटखटलं तर बेअरिंग. चाकाबरोबर स्विंगआर्मही (मागचं चाक धरणारा दांडा) हलला तर त्याचे बुश. मग हाताने चाक फिरव आणि दुसरा हात स्विंगआर्मवर ठेव. खरखर हाताला कळते, कानाला नंतर.

प्रणव (बी-५०३): आत्ता पार्किंगमध्ये बघून आलो काका. चाकच खटखटतंय. खरखर पण लागते, चेनच्या बाजूला जास्त.

देशमुख काका (ए-१०२): मग गेलंय. आता नीट ऐक. चिंचवडला बेअरिंगच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला माझी नोकरी झाली, त्यामुळे जरा लांबण लागेल. ज्यांना नको त्यांनी ग्रुप म्यूट करावा.

देशमुख काका (ए-१०२): मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, साधारण दोन बेअरिंग असतात आणि चेन-सॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चकतीच्या) ड्रममध्ये तिसरं. बाईकच्या मानाने ही बेअरिंग चांगली दणकट असतात. बॉल बेअरिंगवर लोड दुप्पट झाला तर आयुष्य आठव्या हिश्शावर येतं, हे खरं. पण दोन माणसं आणि एक गॅस सिलिंडर घेऊनही बाईकच्या चाकावर फार मोठा लोड येत नाही. नुसतं फिरून फिरून ११ हजारात बेअरिंग झिजत नाही. तेव्हा 'वेअर अँड टेअर' हे कारणच होऊ शकत नाही. पाणी शिरलं, बसवताना चुकलं, चेन अति ताणली, खड्ड्यात जोरात आदळलं किंवा मालच खराब होता. यातलं एक काहीतरी असणार.

जाधव सर (बी-२०१): म्हणजे मी म्हटलं तेच. मालच खराब!

देशमुख काका (ए-१०२): नाही सर, तेही उघडून बघितल्याशिवाय म्हणता येत नाही. बेअरिंगचं जे आयुष्य मोजतात ते शंभरातली नव्वद जिथपर्यंत टिकतात तिथपर्यंतचं असतं. उरलेली दहा आधी जाऊ शकतात, त्यात चोरी नाही.

इम्रान (सी-१०३): काका बरोबर. मी आधी एका डीलरकडे वॉरंटी डेस्कला होतो, आतली गोष्ट सांगतो. पार्ट आणि लेबरचे पैसे डीलर आधी स्वतः घालतो आणि मग कंपनीकडे क्लेम लावतो. जुन्या पार्टला टॅग लावून तो ठेवावा किंवा पाठवावा लागतो. कंपनीने क्लेम फेटाळला की भुर्दंड डीलरला. म्हणून ॲडव्हायझर काउंटरवरच नाही म्हणून मोकळा होतो. त्याचं 'नाही' म्हणजे कंपनीचं 'नाही' नव्हे.

इम्रान (सी-१०३): प्रणव, गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढ. वॉरंटीच्या पानावर कशाला नाही ते लिहिलेलं असतं. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेनसेट, केबल, बल्ब, फिल्टर हे बहुतेक सगळीकडे. बेअरिंगचं नाव आहे का बघ.

प्रणव (बी-५०३): बघितलं. यादीत बेअरिंग नाही. पण खाली 'नॉर्मल झीज होणारे इतर भाग' असं मोघम लिहिलंय. आणि मटेरियल किंवा जोडणीतला दोष असेल तर फुकट बदलून देऊ असं वर आहे.

इम्रान (सी-१०३): त्या 'इतर'मध्ये सगळं जग बसवतात 😄 पण नाव नाही ना, मग भांडायला जागा आहे. फ्री सर्व्हिस सगळ्या वेळेवर झाल्यात ना? शिक्के?

प्रणव (बी-५०३): सगळ्या. त्यांच्याकडेच. वॉशिंगसकट.

देशमुख काका (ए-१०२): वॉशिंग कशाने करतात?

प्रणव (बी-५०३): प्रेशरच्या गनने. मागची चेन वगैरे जवळून मारतात, चिखल असतो ना. आमच्या चिखली-तळवडे रस्त्याची अवस्था तुम्हाला माहीत आहे.

देशमुख काका (ए-१०२): घ्या. बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबर सील असतं, नंबरपुढे '२आरएस' लिहितात ते हेच. ते पावसाचं पाणी, उडालेला चिखल थोपवतं. जवळून मारलेला जेट नाही थोपवू शकत. पाणी आत गेलं की ग्रीस दुधाळ होतं, मग गंज, मग खरखर. तुझ्या पुस्तकात चाकाच्या हबवर जेट मारू नका असं असेल, बहुतेक पुस्तकांत असतं.

प्रणव (बी-५०३): आहे काका! पान ४७. हब, सायलेन्सर आणि मीटरवर जेट नको.

ॲड. कुलकर्णी वहिनी (सी-६०४): मग गंमत बघ प्रणव. आत पाणी निघालं तर ते म्हणणार, हा उत्पादनातला दोष नाही, वॉरंटी नाही. ठीक. पण धुतली कुणी? त्यांनीच, जॉब कार्डवर वॉशिंग लिहून. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूतला 'दोष' वेगळा आणि 'सेवेतली त्रुटी' वेगळी. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं आहे. जुनी जॉब कार्डं सांभाळून ठेव.

जाधव सर (बी-२०१): वहिनी, मग करूया ना केस!

ॲड. कुलकर्णी वहिनी (सी-६०४): सर, १,८५० रुपयांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात (पूर्वीचा ग्राहक मंच) तारखा? वस्तूला मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत २ वर्षांची आहे, म्हणजे घाईही नाही. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल. नंतर १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार. बरीचशी प्रकरणं इथेच मिटतात. तोंडी भांडणाचा कागद होत नाही.

सेक्रेटरी पाटील: सूचना: आज टँकर उशिरा येणार आहे. ४ ते ६ पाणी बंद. सर्वांनी नोंद घ्यावी.

शिंदे मावशी (ए-३०४): परत? परवाच तर बंद होतं.

शिंदे मावशी (ए-३०४): आणि देशमुख भाऊजी, माझ्या स्कूटीलापण मागून आवाज येतो हो. तेच का?

देशमुख काका (ए-१०२): वहिनी, स्कूटरचं मागचं चाक थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतं. बाईकसारखी हबमध्ये बेअरिंग नसतात, ती गिअरबॉक्समध्ये असतात. गिअर ऑइल कधी बदललं ते विचारा. इंजिन ऑइल नव्हे, गिअर ऑइल. ते पुष्कळदा राहून जातं.

देशमुख काका (ए-१०२): प्रणव, आता महत्त्वाचं. चाक तुझ्यासमोर उघडायला सांग. बेअरिंग हबमध्ये असतानाच आतल्या रिंगमध्ये बोट घालून फिरव आणि व्हिडिओ काढ. कारण बाहेर काढताना ते पलीकडून आतल्या रिंगवर ठोकून काढतात, त्याने बॉलचे ठसे उमटतात. मग तेच ठसे दाखवून "खड्ड्यात आदळवली" म्हणायला मोकळे.

देशमुख काका (ए-१०२): काढल्यावर सील उचकटून बघ. ग्रीस दुधाळ किंवा तांबूस म्हणजे पाणी. रिंग-बॉलवर निळसर झाक म्हणजे तापलं. बॉल धावल्याची पट्टी रिंगच्या एका कडेला सरकलेली असेल, आणि दोन्ही बेअरिंगांत तशीच असेल, तर मधला स्पेसर (दोन बेअरिंगांमधली नळी) आखूड आहे किंवा नीट बसवलेला नाही. ॲक्सल (चाकाचा आस) आवळला की बेअरिंग आडवी दाबली जातात. हा सरळ जोडणीतला दोष, वॉरंटीत बसायलाच हवा. ग्रीस स्वच्छ, पट्टी मधोमध आणि तरी रिंगचा टवका उडालेला, तर मालाबद्दल बोलता येईल.

इम्रान (सी-१०३): आणि जॉब कार्डवर कारण लिहून घे. 'वेअर अँड टेअर' एवढंच नको. 'पाणी शिरल्यामुळे' की 'स्पेसर' की काय ते. 'चाक उघडून तपासलं' हेही. ॲडव्हायझर लिहायला नाही म्हणाला तर वर्क्स मॅनेजरला भेट.

नेहा (बी-५०३): काका, तोपर्यंत त्याने गाडी चालवली तर चालेल का? तो सोमवारी हिंजवडीला नेतो म्हणतोय.

देशमुख काका (ए-१०२): अजिबात नाही. चाक हललं की डिस्कही हलते, पॅड मागे ढकलले जातात आणि ब्रेक मारला की पहिल्यांदा पेडल रिकामं जातं. अगदी तुकडे झाले तर चाक जाम होतं. वॉरंटीचा वाद महिनाभर चालेल, चाक तोवर थांबणार नाही. त्यांनी नाहीच दिलं तर १,८५० भरून बदल, बिलावर 'निषेध नोंदवून' लिही, जुनी बेअरिंग परत माग.

ॲड. कुलकर्णी वहिनी (सी-६०४): 'हक्क राखून' लिही. निषेध मोर्चात करतात 😄

रोहन (ए-४०१): १,८५० कशाला पण? बाहेर चांगल्या कंपनीचं बेअरिंग दोन-तीनशेच्या आत मिळतं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक अर्ध्या तासात बसवून देईल.

इम्रान (सी-१०३): मिळतं रे. पण वॉरंटी चालू असताना बाहेर उघडली की हबचं काही पुढे निघालं तर त्यांना कारण मिळालं. वॉरंटी संपली असती तर मीही तेच सांगितलं असतं.

देशमुख काका (ए-१०२): आणि बाहेर बसवलंच तर बाहेरच्या रिंगवर दाबून बसवायचं, आतल्या नाही. आतल्यावर हातोडी मारली की नवं बेअरिंग बसतानाच खराब. नंबर जुन्यावरचाच घ्यायचा. शेवटचे दोन आकडे भोकाचे: ०२ म्हणजे १५ मिमी, ०३ म्हणजे १७, ०४ पासून पाचने गुणायचं. एकटं बदलायचं नाही, हबमधली दोन्ही आणि सील.

रोहन (ए-४०१): काका, हे तुम्ही यूट्यूबवर टाका.

*संध्याकाळ*

प्रणव (बी-५०३): जाऊन आलो. टेम्पोत घालून नेली. वर्क्स मॅनेजरसमोर उघडली. सॉकेटच्या बाजूचं बेअरिंग पूर्ण तांबूस, आत चहाच्या रंगाचं पाणी. हबमधलं एक खरखरीत, दुसरं ठीक. मॅनेजर म्हणाला, पाणी आहे, वॉरंटी नाही. मी त्यांचीच वॉशिंगची जॉब कार्डं आणि पान ४७ समोर ठेवलं.

जाधव सर (बी-२०१): मग??

प्रणव (बी-५०३): आधी गप्प. मग म्हणाला, लेबर माफ, पार्टचा क्लेम कंपनीकडे 'गुडविल'मध्ये लावून बघतो. जॉब कार्डवर 'पाणी शिरल्याने बेअरिंग खराब' लिहून दिलंय. पार्टचे पैसे मी सध्या भरलेत, हक्क राखून.

ॲड. कुलकर्णी वहिनी (सी-६०४): छान. ईमेल आजच टाक, जॉब कार्डाचे फोटो जोडून. गुडविल म्हणजे मेहेरबानी, तुझी मागणी सेवेतल्या त्रुटीची आहे. ते वाक्य ईमेलमध्ये असू दे.

देशमुख काका (ए-१०२): जुनं बेअरिंग घरी आणलंस का? मला बघायचंय.

इम्रान (सी-१०३): काका नको! क्लेम लावलाय, टॅग लागून ते तिथेच राहायला हवं.

देशमुख काका (ए-१०२): बरं बरं. मग आतल्या रिंगचा फोटो पाठव. जवळून, फ्लॅश बंद करून.