लेफ्ट मेन: ग्राफ्ट कुठला, तेही विचारा
लेफ्ट मेन म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी डावीकडची मुख्य धमनी. ‘लेफ्ट मेनचा अटॅक म्हणजे फार तर चार-पाच वर्षांचा सोबती’ असं एकाने लिहिलंय, ते पटत नाही. हृदयाच्या डाव्या कप्प्याचा बहुतेक रक्तपुरवठा या एका नळीवर, त्यामुळे सुरुवातीचे दिवस भयंकर, हे खरं. त्यातून तगलेल्यांचं पुढचं मात्र हृदयाचं पंपिंग (रक्त ढकलण्याची ताकद) किती उरलंय यावर बरंच ठरतं.

बायपासबद्दलही एक मुद्दा. त्यात अडलेल्या नळीला वळसा घालून शरीरातलीच दुसरी रक्तवाहिनी जोडतात, तो ग्राफ्ट. छातीच्या आतल्या धमनीचा ग्राफ्ट १० वर्षांनीही १० पैकी ९ जणांत चालू असतो. पायाच्या शिरेचे तोवर जवळपास निम्मे बंद पडतात. म्हणून ‘किती ग्राफ्ट’पेक्षा ‘कुठले ग्राफ्ट’ हे सर्जनना आधी विचारा. आमच्या दादरच्या मामांचा बायपास २००८ सालचा. अजून शिवाजी पार्कला फेरी मारतात, (मामीला न सांगता) वडापावही खातात. गोळ्या मात्र चुकवत नाहीत.