मदत हवी आहे: कॉकपिटमधली कामं आधीच कशी उरकता?

नमस्कार मंडळी. मी पुण्याचा, सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) बारामतीला फ्लाइंग करतोय. दोनशे तासांचा पल्ला अजून लांब आहे.

घरी खुर्चीत बसून सगळं झकास जमतं. वर गेल्यावर मात्र डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडायचा टप्पा) चेक्स, रेडिओ कॉल, पुढच्या विमानावर नजर, सगळं एकदमच अंगावर येतं. बेसला (धावपट्टीला काटकोनातला पुढचा टप्पा) वळेपर्यंत स्पीड वाढलेला असतो. 'आधी विमान उडव, मग दिशा, बोलणं शेवटी' हे सरांचं वाक्य पाठ आहे. हातात उतरत नाही.

आता सोलापूरची क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं सराव उड्डाण आहे. नॅव्हलॉग (मार्गाचा तक्ता), वारा, इंधन आदल्या रात्रीच मांडतो. पण इंदापूरच्या आसपास, डावीकडे उजनीचं पाणी दिसत असताना, वेळ तपासून नवा ईटीए (पोहोचण्याची अंदाजे वेळ) काढायचा आणि हेडिंगही (विमानाची दिशा) सांभाळायचं, हे कसं करता? नीबोर्डवर (मांडीला बांधायची लिहिण्याची पाटी) नेमकं काय लिहिता? पुढचा कॉल आधीच लिहून ठेवता का?

त्यात मेटिऑरॉलॉजीचा पेपरही तोंडावर आलाय. उन्हाळ्यात सकाळच्या सॉर्टीनंतर (उड्डाणानंतर) पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. फ्लाइंगच्या दिवशी अभ्यास करता की सरळ सुट्टी?

'सरावाने जमेल' सोडून काहीही सांगा.